एक्सरे बायनरीवर काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू?

नांदेड, परभणी, हिंगोलीकडची बीएस्सी-एमएस्सीची पोरंपोरी नेहमी विचारायलेत, दादा, कॉलेजात दुर्बीण नाही मग एक्सरे अॅस्ट्रॉनॉमी कशी करायची. अरे, अवकाशातले एक्सरे जमिनीपर्यंत येतच नाहीत, वातावरण शोषून घेतंय, त्यामुळं पुण्या-मुंबईवाल्यांना पण सॅटेलाइटचाच डेटा लागतो. १९९९ ला अवकाशात गेलेली नासाची एक्सरे दुर्बीण चंद्रा असो की २०१५ चं आपलं सॅटेलाइट अॅस्ट्रोसॅट, ठराविक मुदतीनंतर डेटा सगळ्यांसाठी खुला होतो आणि फुकट मिळतो. लॅपटॉप आणि नेट असलं की झालं.

विषय असाय की एक्सरे बायनरी म्हणजे जोडी, त्यातला एकजण न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा दाट गोळा) नाहीतर ब्लॅक होल असतो, तो दुसऱ्या ताऱ्याचा गॅस ओढतो, तो गॅस चकतीत फिरत आत जाताना इतका तापतो की एक्सरे निघतात. जोडीदार वजनदार असला की तो लवकर संपतो, म्हणून अशा जोड्या जिथं नवे तारे जन्मायलेत तिथंच सापडतात. जोडीदार हलका असला तर मामला जुना, अशांची संख्या गॅलक्सीत एकूण तारे किती त्यावर ठरते. म्हणजे नुसते एक्सरेचे ठिपके मोजून गॅलक्सीचा इतिहास कळतो, मला तर याच्यासारखं दुसरं काही भारी वाटत नाही!

सुरुवातीला एकच गॅलक्सी घ्या. एनजीसी ३३७९ चांगलीय, लंबगोल आहे, गरम गॅस कमी आहे त्यामुळं ठिपके सुटे दिसतात, आणि चंद्रानं तिच्याकडं भरपूर वेळ बघितलंय. इमेज डीएस-नाइन या इमेज बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, एका ठिपक्याभोवती गोल काढा, आतले फोटॉन मोजा. समजा २५ आले, तर त्यात पाचएक (२५ चं वर्गमूळ) इकडंतिकडं धरायचेच, शेजारच्या रिकाम्या जागेतून बॅकग्राउंड काढून वजा करायचा, आणि मग खरा प्रश्न, हा ठिपका त्या गॅलक्सीतलाच आहे का? मागं लांबवरच्या एखाद्या गॅलक्सीच्या मधलं ब्लॅक होल पण हुबेहूब असंच दिसतंय. हबलच्या इमेजशी जुळवा, ठिपका ग्लोब्युलर क्लस्टरवर (जुन्या ताऱ्यांच्या दाट गोल पुंजक्यावर) बसला तर बहुधा तो हलक्या जोडीदाराचा बायनरी. हे काम एका ठिपक्यावर नीट हातानं करा, मग बाकीच्यांना स्क्रिप्ट लावा.

लिनक्स आणि पायथन शिकाच, पण स्टॅटिस्टिक्स त्याच्याही आधी, पॉइसन (मोजलेल्या आकड्यातल्या चढउताराचं गणित) नीट समजलं नाही तर पुढं सगळं अडतंय. पीएचडीसाठी जेस्ट, नेट वगैरे प्रवेश परीक्षा आहेतच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या उन्हाळी प्रोग्रामला बीएस्सीपासूनच बघत राहा.

आणि औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायची प्रयोगशाळा होतंय, ते माहितीच असेल. दोन ब्लॅक होल एकमेकांत मिसळताना उठलेल्या लहरी तिथं पकडणार, आणि वजनदार जोडीदाराच्या काही बायनरींचं शेवटी असंच जुळं ब्लॅक होल होत असावं, म्हणून आपल्या भागातल्या पोरांनी हे दोन्ही विषय सोबतच वाचायला घ्या.