टेस्टोस्टेरॉन बूस्टर घेताय? आधी या चुका टाळा

व्यायाम शिकवताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, कोणता बूस्टर घेऊ?" बूस्टर म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या. विचारणाऱ्याने अजून धड तीन महिने सलग वजनं उचललेली नसतात, झोपेचा पत्ता नसतो, रक्त तपासलेलं नसतं. कॅप्सूल मात्र ठरलेली असते. या गोळ्यांवरचं संशोधन मी नेमाने वाचतो. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण जेवढं आहे ते डब्यावरच्या दाव्यांपेक्षा फार थोडं आहे, आणि तेही ठरावीक लोकांपुरतं.

भलत्या वेळी तपासणीला रक्त देणं

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. तरुण पुरुषांत दुपारी चारच्या सुमाराला ते सकाळच्या मानाने २० ते २५ टक्के कमी भरू शकतं. पोटात जेवण असेल तर आणखी खाली जातं. झोपेचाही हिशेब आहेच: शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली.

माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या एका मुलाने रात्रपाळ्यांच्या आठवड्यात, संध्याकाळी, खाऊनपिऊन रक्त दिलं. आकडा आला २९०. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ही मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालची पातळी कमी धरते, हे त्याने कुठेतरी वाचलेलं होतं. तो हादरला. कोणालाही न विचारता त्याने बूस्टर सुरू केला. दोनेक महिन्यांनी सुट्टीत, नीट झोप झालेली असताना, सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासणी केली, तर ४३०. मग काय, जिममधल्या प्रत्येकाला तो तोच डबा सुचवू लागला. त्याचं पाहून आणखी काही जणांनी डबे घेतले.

मी त्याला गोळ्या थांबवायला लावल्या. काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत, तशीच सकाळी, तशीच झोप झाल्यावर तपासणी झाली. आकडा ४२० च्या आसपास. म्हणजे वाढलेलं असं काही नव्हतंच. पहिलं मोजमापच चुकलेलं होतं. तरीही त्याला ते पटायला वेळ लागला, कारण हातात दोन रिपोर्ट होते आणि दुसरा आकडा मोठा होता.

माझा आग्रह एकच असतो: सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा, एकाच प्रयोगशाळेत. ताप किंवा आजारपण असेल तर तपासणी पुढे ढकला. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटाच जास्त येतो. एवढा धीर ज्याला नाही, त्याने गोळीचा गुण आला की नाही यावर बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक अभ्यास धरून बसणं

डी-ॲस्पार्टिक ॲसिड या बूस्टरमधल्या अमिनो आम्लाचंच उदाहरण बघा. २००९ मध्ये इटलीतल्या अभ्यासात २३ पुरुषांना १२ दिवस रोज सुमारे ३ ग्रॅम दिलं आणि टेस्टोस्टेरॉन सरासरी ४२ टक्क्यांनी वाढलं. डब्यांवर आजही हाच आकडा मिरवतो. पुढचं मात्र कोणी छापत नाही. २०१३ मध्ये नियमित वजनं उचलणाऱ्यांना तेवढाच डोस २८ दिवस दिला, काही फरक पडला नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात अशाच सरावलेल्या पुरुषांना ६ ग्रॅम दिलं, तर दोन आठवड्यांत त्यांची पातळी चक्क उतरली! घाई झालेला नवखा नेमका डोस दुप्पट करतो, म्हणून हा अभ्यास मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

गोखरूचं तर विचारूच नका. २००७ मध्ये रग्बी लीग खेळाडूंना तो पाच आठवडे दिला. ताकदीत, स्नायूंत, हार्मोनमध्ये कशातच प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिसायला तशीच गोळी, घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

अश्वगंधेचा पुरावा या सगळ्यांत बरा आहे, हे मान्य. २०१५ च्या एका भारतीय अभ्यासात ५७ तरुणांपैकी अश्वगंधा घेणाऱ्यांची पातळी आठ आठवड्यांत सरासरी ९६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढली, प्लासिबोवाल्यांची १८ ने. पण हे व्यायामात नवखे होते आणि अभ्यास छोटा होता. शिवाय ही वाढ केवढी, तेही बघा. स्नायूंवर टेस्टोस्टेरॉनचा ठळक परिणाम दाखवणाऱ्या १९९६ च्या प्रसिद्ध प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅमची इंजेक्शनं दिली होती, आणि त्याने पातळी निरोगी माणसाच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेली होती. कोणतीही वनस्पती तिथे पोचत नाही. निरोगी मर्यादेतच ४५० चे ५५० झाले म्हणून आरशात फरक दिसेल, ही आशा सोडा. आणि अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

कमतरता नसताना भर घालणं

झिंक आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढाच. कमतरता नसलेल्यांना झिंक दिलं तर टेस्टोस्टेरॉन वाढत नाही, आणि जास्त झिंक दीर्घकाळ घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं.

डब्यावर मिश्रण वाचून खूश होणं

दहा घटकांचं एकत्रित वजन लिहिलंय, पण कोणता किती ते नाही? तो डबा ठेवून द्या. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बूस्टर म्हणून विकली जाणारी ५० उत्पादनं तपासली. ९० टक्के उत्पादनं टेस्टोस्टेरॉन वाढवण्याचा दावा करत होती. त्यांतल्या घटकांपैकी पाव भागालाही तसा पुरावा नव्हता.

"चार दिवसांत जाणवलं" यावर विश्वास ठेवणं

इतक्या लवकर जोर जाणवला तर मला आनंद होत नाही, शंका येते. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २००७ ते २०१६ या काळात ७७६ सप्लिमेंटांत लपवलेली औषधं असल्याचं नोंदवलं. लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत बहुधा सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध), स्नायूंच्या गोळ्यांत स्टेरॉइडं. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात असं सिल्डेनाफिल गेलं तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

खरोखर कमी असताना गोळ्यांवर वेळ घालवणं

दोन्ही सकाळचे रिपोर्ट कमी आले आणि त्रासही आहे, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. ते एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही हार्मोनं तपासतील, वजन आणि झोपेबद्दल विचारतील. मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर जातात, आणि ते परत यायला महिनोन्‌महिने लागतात.