गाडीचा नकली आवाज: कुठला ठेवायचा, कुठला बंद करायचा आणि कुठल्याला हातच लावायचा नाही

ईव्ही किंवा स्ट्राँग हायब्रिड घरी आली की पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न येतात, एक म्हणजे सोसायटीत शिरताना पुढून येणारा तो "हुंऽऽऽ" असा आवाज कसला, आणि दुसरा म्हणजे तो बंद कसा करायचा. दोन्हीची उत्तरं देतो, दुसरं आवडेलच असं नाही. आणि पेट्रोल टर्बोवाल्यांनो तुम्हीपण थांबा जरा, तुमचं इंजिनसुद्धा कदाचित स्पीकरमधून वाजतंय.

सगळ्यात आधी एक समजून घ्या की नकली आवाज दोन प्रकारचे असतात आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक बाहेरचा, तो रस्त्यावरच्या माणसासाठी. दुसरा आतला, तो तुमच्या मजेसाठी. बाहेरच्याचा स्पीकर वेगळा, पुढच्या बंपरच्या मागे बसवलेला, वॉटरप्रूफ. आतला तुमच्या दाराच्या स्पीकरमधून आणि वूफरमधून येतो. लोक काय करतात, टचस्क्रीनवर आतला आवाज बंद करतात आणि म्हणतात बाहेरचा अजून येतोय, गाडीत प्रॉब्लेम आहे. प्रॉब्लेम नाहीये, तो यायलाच पाहिजे.

बाहेरच्याला एव्हीएएस म्हणतात, म्हणजे गाडी येतेय हे रस्त्यावरच्या माणसाला आवाजाने कळवणारी यंत्रणा. ह्युंदाईवाले त्यालाच व्हीईएसएस म्हणतात, क्रेटा इलेक्ट्रिकच्या माहितीत तसंच लिहिलेलं दिसेल. टाटाच्या कर्व्ह ईव्हीत आहे, आणि मारुतीने २०२३ मधे ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधे टाकला तेव्हा गाडीची किंमत ४ हजारांपर्यंत वाढवली होती. तुमच्या गाडीत आहे की नाही ते ब्रोशरमधे शोधत बसू नका, सरळ टेस्ट करा. रात्री उशिरा किंवा अगदी पहाटे पार्किंगमधे जा, एसी बंद करा (एसीचा कॉम्प्रेसर आणि पुढचा पंखा मिळून भलताच आवाज करतात आणि मग तोच एव्हीएएस वाटतो), घरातल्या कुणाला तरी बाजूला दोन मीटरवर उभं करा आणि गाडी दहाच्या स्पीडने त्यांच्या बाजूने काढा. ऐकू आलं पाहिजे. उभ्या गाडीतून काहीच आलं नाही तर घाबरू नका, या आवाजासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३८ मधे उभ्या गाडीला आवाजाची सक्ती नाही. अमेरिकेत आहे, तिथे गिअर पार्कमधे नसेल तर उभी गाडीसुद्धा वाजते.

आता हा आवाज असा विचित्र का, साधं इंजिनसारखं का नाही वाजवत, तर त्याच्यामागे बरंच डोकं लावलेलं आहे. नियम १३८ म्हणतो की १० च्या स्पीडला कमीत कमी ५० डेसिबल, २० ला ५६, रिव्हर्सला ४७, आणि जास्तीत जास्त ७५. शिवाय आवाजात निदान दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर पाहिजेत आणि त्यातला एक तरी १६०० हर्ट्झच्या आसपास किंवा खाली, कारण वय वाढतं तसे कानाला वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. खूप खाली पण जाता येत नाही कारण बंपरमागचा एवढासा स्पीकर बेस काढू शकत नाही आणि आपल्या ट्रॅफिकची घरघर तशीही खालच्याच पट्टीत असते. मग उरतं मधलं, आणि ते ऐकायला स्पेसशिपसारखं लागतं.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे सुराचा. गाडीचा स्पीड दर किलोमीटरने वाढला की सूर साधारण ०.८ टक्के वर गेला पाहिजे, म्हणजे नुसतं गाडी आहे एवढं नाही तर ती वेग घेतेय हे न बघता कळावं. हिशोब केला तर ५ पासून २० पर्यंत जाताना सूर साधारण १२ टक्के चढतो, म्हणजे जवळजवळ सा पासून शुद्ध रे पर्यंत. पेटी शिकलेलं कुणी घरात असेल तर त्यालाच टेस्टला उभं करा, पाचला सा पकडायचा आणि वीसला रे आला का बघायचं. कुठल्याही ॲपपेक्षा ही टेस्ट बरी. काही गाड्यांत सूर जास्त पण चढतो, ते चालतं, पण चढलाच नाही, एकाच सुरात भणभण करत राहिला तर सर्व्हिस सेंटरला सांगा.

डेसिबल मोजायचं ॲप वापरणार असाल तर वापरा, पण एक लक्षात ठेवा. आजूबाजूचा आवाज आणि गाडीचा आवाज सारखाच असेल तर आकडा उगाच ३ डेसिबल जास्त दिसतो. आजूबाजूचा १० ने कमी असेल तेव्हाच आकड्याला काही अर्थ, म्हणजे गाडीचे ५६ मोजायला पार्किंगमधे ४६ ची शांतता पाहिजे. मुंबईत ती कुठे शोधणार हा वेगळा विषय. आणि फोनचा माइक काही लॅबचा नसतो, तेव्हा आकडा धरून कुणाशी वाद घालू नका, फक्त आज आणि पावसाळ्यानंतर असा आपलाच आपल्याशी फरक बघायला तो ठीक आहे.

आता मुद्द्याचं. बंद करायचा का? नाही करायचा. कारण वीस-तीसच्या वर गेलं की टायरचाच आवाज एवढा होतो की एव्हीएएसची गरज उरत नाही आणि तो आपोआप थांबतो, म्हणजे तो वाजतो ते नेमकं जिथे माणसं चालतायत तिथेच, दादर स्टेशनच्या बाहेर, चाळीच्या बोळात, शाळा सुटल्यावर गेटसमोर, सोसायटीच्या रॅम्पवर जिथे पोरं क्रिकेट खेळत असतात आणि गाडी सुमडीत मागे येऊन उभी राहते. फुटपाथवर जागा नाही म्हणून माणूस रस्त्यावरून चालतो, मागे बघत नाही, कानावर चालतो. पांढरी काठी घेऊन रस्ता क्रॉस करणारा तर पूर्णच कानावर. अमेरिकेत २०१० चा जो पादचारी सुरक्षेचा कायदा झाला त्याच्यामागे अंध लोकांच्या संघटनेचाच जोर होता.

नियमाच्या बाजूने पण बघा. युरोपात २०१९ च्या जुलैपासून नव्या मॉडेलला आणि २०२१ च्या जुलैपासून सगळ्याच नव्या ईव्ही-हायब्रिडला हे सक्तीचं आहे. आधी ड्रायव्हरला पॉजचं बटण द्यायला परवानगी होती, नंतर सुधारणेत तीपण काढली, त्यामुळे जुन्या व्हिडिओत कुणी बटण दाबून बंद करताना दिसला आणि तुमच्या गाडीत ते सापडत नाही, तर डीलरने काही लपवलेलं नाहीये. आपल्याकडे एआयएस-१७३ हे स्टँडर्ड आहे, आणि २०२५ च्या सप्टेंबरमधे रस्ते वाहतूक मंत्रालयाने जो मसुदा काढला त्यात ऑक्टोबर २०२६ पासून नवीन मॉडेल आणि ऑक्टोबर २०२७ पासून चालू मॉडेल असं इलेक्ट्रिक कार, बस, ट्रक सगळ्यांना सक्तीचं करायचं म्हटलंय. म्हणजे स्पीकरच्या वायरचा कपलर (जोड) काढून ठेवणाऱ्यांनी पुढचा विचार करून ठेवा. गाडीची मूळ रचना बदलली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि गाडी कुणाला घासली आणि नंतर कळलं की स्पीकर तुम्हीच काढलेला, तर इन्शुरन्सवाल्यांना काय सांगणार.

टेस्लाचा किस्सा माहीत असेल. बूमबॉक्स नावाचं फीचर होतं, बाहेरच्या स्पीकरमधून वाट्टेल तो आवाज वाजवा. २०२२ मधे अमेरिकेत त्याच्यासाठी साधारण ५ लाख ७८ हजार गाड्यांचा रिकॉल झाला कारण त्या गमतीजमतीत खरा इशाऱ्याचा आवाज झाकला जात होता. बीकेसीतल्या शोरूममधून टेस्लाची मॉडेल वाय घेतलेल्यांनी वॉचमनला दचकवायचे प्लॅन करू नयेत.

सोसायटीतून तक्रार आली तर? येते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडते, मीटिंगमधे विषय निघतो. तेव्हा आधी नीट बघा की आवाज नक्की कशाचा आहे. बहुतेक वेळा तो एव्हीएएस नसतोच, तो डीलरने ॲक्सेसरी पॅकमधे टाकलेला ट्यूनवाला रिव्हर्स हॉर्न असतो, आणि तो बिनधास्त काढून टाका, काही गरज नाही त्याची, गाडी रिव्हर्सला स्वतःचा आवाज करतेच. कधी पार्किंग सेन्सरचा बीप असतो, तो सेटिंगमधे कमी होतो. आणि खरंच एव्हीएएसच त्रास देत असेल तर पोडियमच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून लावलेली गाडी फिरवून लावा. बंद पार्किंगमधे भिंतींवर आपटून तोच आवाज कितीतरी मोठा वाटतो, मोकळ्यावर तोच चिडीचूप.

पावसाळा आपल्याकडे या स्पीकरचा शत्रू. मिलन सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की बंपरच्या मागे गाळ जाऊन बसतो, आवाज आधी खरखरीत होतो, मग बसतो. प्रेशरचा पाईप थेट बंपरच्या जाळीत मारू देऊ नका, वॉशिंगवाले हमखास मारतात. साधं पाणी हलक्या धारेने सोडायचं, एक-दोन दिवस वाळू द्यायचं, तरी खरखर असेल तर वॉरंटीत बदलून मागायचा. डॅशबोर्डवर त्याच्याबद्दल काही वॉर्निंग आली असेल तर फोटो काढून ठेवा, सर्व्हिस ॲडव्हायझरसमोर गाडी नेली की वॉर्निंग नेमकी गायब होते.

चला आता आतला आवाज. इथे तुमचं राज्य, पाहिजे ते करा.

पेट्रोलवाल्यांचं आधी सांगतो. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ पासून हे गाजलं, टर्बो आला, केबिन जाड झाली, बाहेरच्या आवाजाचे नियम कडक झाले, मग इंजिनचा आवाज आत येईना म्हणून तो स्पीकरमधून वाजवायला लागले. आपल्याकडच्या एम३४०आयमधे पण तेच आहे. फोक्सवॅगनने स्पीकरऐवजी काचेच्या खाली एक थरथरणारा डबा बसवला, त्याला साउंडॅक्टर म्हणतात. टोयोटा जीटी८६ मधे तर नुसता पाईप आणि पडदा होता, वीज नाही काही नाही, तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आपल्या गाडीत काय आहे ओळखायचं असेल तर गाडी उभी ठेवून एक फोन आत आणि एक मागच्या बंपरजवळ ठेवून एकाच वेळी रेकॉर्ड करा आणि रेस द्या. आत घोंघावतंय आणि बाहेर मांजर बोलतंय असं असेल तर समजून जा. दाराच्या स्पीकरच्या जाळीवर हात ठेवलात तरी कळतं.

ईव्हीत हे सगळंच बनवलेलं. बीएमडब्ल्यूने हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमरकडून आवाज करून घेतले, महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई साठी ए. आर. रहमानकडून. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमधे तर नकली आठ गिअरसुद्धा आहेत, गिअर पडल्यासारखा झटका आणि आवाज दोन्ही. गाडी तुमचा स्पीड आणि पेडल किती दाबलंय ते बघून आवाज तयार करते, म्हणून तो पेडलच्या मागे मागे धावतो.

सेटिंग कसं लावायचं तर माझं मत असं. सायन, घाटकोपर, एलबीएस रोड, थांबत थांबत जायचंय तर पूर्ण बंद, नाहीतर दर दोन मिनिटांनी वर-खाली ऐकून डोकं उठतं. कोस्टल रोडला मात्र चालू ठेवा, मधल्या लेव्हलला. शांत गाडीत स्पीडचा अंदाज जातो, वाटतं साठ आणि असतात ऐंशी-नव्वद, आणि तिथे सरळ रस्त्याला ८०, बोगद्यात ६० अशी लिमिट आहे, कॅमेरे आहेत. स्पीडबरोबर चढणारा आवाज असेल तर काट्याकडे न बघता पाय सैल होतो. अटल सेतूवर १०० ला वाऱ्याचा आणि टायरचाच आवाज एवढा असतो की हा ऐकायला व्हॉल्यूम वाढवावा लागतो, मग त्यापेक्षा गाणी लावा. नेव्हिगेशनचा आवाज त्याच्याखाली दबत नाही ना हे घरी उभ्या गाडीत एकदा बघून घ्या.

म्युझिक सिस्टीम बदलणार असाल तर थांबा. कंपनीचा ॲम्प्लिफायर काढला की हा आवाज बहुतेक जातो, आणि गाडीत नॉइज कॅन्सलेशन (माइकने ऐकून केबिनमधला नको तो आवाज स्पीकरमधून मारणारी सोय) असेल तर छतातले माइक गोंधळून केबिनमधे घुंऽऽ असा दबका आवाज सुरू होऊ शकतो. छतात डॅशकॅमची वायर ओढताना त्या माइकवर टेप आली तरी तेच होतं, आधी ती बघा, मग स्पीकरला दोष द्या.

शेवटी ते बाहेरून लावायचे डबे. सीएसटी रोडला, ऑपेरा हाऊसला किंवा ऑनलाइन मिळतात, मागच्या बंपरखाली स्पीकर लावायचा आणि ईव्ही व्ही८ सारखी गुरगुरते. डॉजने स्वतःच्या इलेक्ट्रिक चार्जरमधे असलं काहीतरी १२६ डेसिबलचं दिलंय म्हणे, पण ते कंपनीने बनवलेलं. इथे लावलंत तर मॉडिफाइड सायलेन्सरसारखीच पावती फाटेल आणि फाटावी पण. आतल्यासाठी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधे लावून तिचा डेटा वाचणारं छोटं यंत्र) आणि फोनवरचं ॲप हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग, फक्त घेण्याआधी विचारा की तुमच्या ईव्हीचा डेटा त्याला वाचता येतो का, कारण पेट्रोलसाठी बनवलेली ॲप आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) शोधतात आणि बऱ्याच ईव्हीत तो त्या जागी मिळतच नाही, मग गाडी ऐंशीला आणि ॲप आयडलला. दुकानदार वायर कापून जोडतो म्हणाला तर निघून या. आणि गाडी लावली की डोंगल काढून ठेवा, ईव्हीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि आठवडाभर गाडी उभी राहिली तर ती बसते, मग दारसुद्धा उघडायचे वांधे.