पोरांची पहिली डिटेक्टिव्ह केस: आदल्या दिवशी काय काय तयार ठेवाल

सुट्टीत सहा-आठ वर्षांची चार-पाच पोरं घरी जमणार असतील तर आधी रहस्य ठरवा आणि ते लहानच ठेवा, डब्यातले दोन बेसनाचे लाडू कुठे गेले एवढं पुरे, खून-दरोडा अजिबात नको. लाडू उचलणारा मोठा माणूसच हवा, आजोबा वगैरे, त्यांना आधी सांगून ठेवायचं. पोरांपैकी कुणालाही चोर करू नका प्लीज, आणि कामाला येणाऱ्या मावशींचं नाव संशयितांत गमतीनेसुद्धा नको, पोरं तेच डोक्यात ठेवतात.

मग पुरावे, दोन बास. दाराशी रांगोळी पातळ चाळून त्यावर चपलेचा ठसा, हे सोपंय. दुसरा बोटांचा ठसा, यात खरी मजा आहे. आजोबांनी बोटं कपाळावर घासून काचेचा कोरडा ग्लास धरायचा, मग त्यावर टाल्कम पावडर मेकअपच्या मऊ ब्रशने हलकेच फिरवायची आणि सेलोटेपने ठसा उचलून काळ्या कागदावर चिकटवायचा, पण ब्रश जोरात फिरला की ठसा गेलाच म्हणून आदल्या रात्री स्वतः एकदा करून बघा. जुळवायला घरातल्या सगळ्यांचे ठसे लागतील, स्टॅम्प पॅड नसेल तर कागदावर पेन्सिल गडद घासायची, त्यावर बोट, मग बोटावर सेलोटेप आणि ती टेप पांढऱ्या कागदावर. बोटांवरचं शंख-चक्र आजीने दाखवलेलं असतंच, तिथूनच सांगा की जगातल्या अगदी पहिल्या फिंगरप्रिंट ब्युरोंपैकी एक, म्हणजे बोटांच्या ठशांचं पोलीस ऑफिस, १८९७ ला कोलकात्यात निघाला आणि ठसे गटांत लावून ठेवायची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोन पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा हात होता, आणि जुळ्यांचेसुद्धा ठसे वेगळे असतात, यावर पोरं हमखास स्वतःची बोटं बघत बसतात.

प्रत्येकाला एक वही, एका पानावर ‘दिसलं काय’, समोरच्या पानावर ‘वाटतंय काय’. आणि तुमच्याकडे एकच प्रश्न, कशावरून? चूक-बरोबर काही बोलायचं नाही, फक्त कशावरून. आमच्याकडे भाचीने आजोबांना आधीच वगळलं होतं, त्यांना शुगर आहे ना, ते लाडू खातच नाहीत म्हणून. ग्लासवरचा ठसा त्यांचाच निघाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, घेतले म्हणजे खाल्ले असं कुठाय! थेट त्यांच्या कपाटाकडे पळाली.

म्हणून लाडू खरंच लपवलेले हवेत, आणि डब्यात माणशी एक तरी शिल्लक ठेवा.