कॉलेजातच काम हवंय? आधी 'कमवा आणि शिका'ची चौकशी करा

गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्यांनो, बाहेर कुठे डिलिव्हरीचं काम धरायच्या आधी आपल्याच कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना (म्हणजे कॉलेजातच काही तास काम करून पैसे मिळवायचे) आहे का ते विचारा. 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ही कल्पना, आज पुणे विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत चालते. ही योजना बघणारे विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत ते ऑफिसात विचारून थेट त्या सरांना किंवा मॅडमना भेटा, नोटीस बोर्डाच्या भरवशावर राहू नका, कारण जागा मोजक्याच असतात आणि ॲडमिशन झाल्या झाल्या फॉर्म निघतात. उत्पन्नाचा दाखला गावाहून येतानाच काढून आणा, नंतर फक्त त्यासाठी तहसीलला चक्कर मारायला लागते आणि तोवर मुदत संपते, माझं पहिल्या वर्षी असंच झालं आणि फार वाईट वाटलं होतं.

काम निवडायला मिळालं तर लायब्ररी मागा. पुस्तकं रॅकला लावता लावता आपल्या विषयाचं कुठलं पुस्तक कुठे आहे ते पाठ होतं, खरंच खूप उपयोग होतो. हजेरीवर सही रोजच्या रोज करा आणि तास स्वतःच्या वहीतपण लिहून ठेवा, पैसे तासावर मिळतात आणि बरेचदा उशिरा जमा होतात, म्हणून त्या महिन्याची मेस या पैशांवर अवलंबून ठेवू नका. आणि प्रॅक्टिकल, सबमिशन जवळ आलं की आठवडाभर आधीच सांगून तास कमी करून घ्या, सांगितलं तर ऐकतात.