तिरितिरी मातंगीवरची पक्षीगणना : नवख्यांसाठी काही अनुभव

पदव्युत्तर शिक्षणासाठी ऑकलंडला आल्यावर माझे पहिले क्षेत्रकार्य हौराकी आखातातल्या तिरितिरी मातंगी या सुमारे २२० हेक्टरांच्या संरक्षित बेटावर झाले. शतकाहून अधिक काळ शेती आणि चराईने उघडे पडलेल्या या बेटावर १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून अधिक झाडे लावली आणि १९९३ मध्ये कियोरे या पॅसिफिक उंदरांचे निर्मूलन झाले. मुख्य भूमीवरून नामशेष झालेला तिएके (सॅडलबॅक) हा स्थानिक पक्षी १९८४ मध्ये, तर हिही (स्टिचबर्ड) हा दुसरा स्थानिक पक्षी १९९५ मध्ये येथे आणण्यात आला.

गणनेची पद्धत वरवर सोपी वाटते: ठरलेल्या जागी उभे राहून पाच मिनिटांत दिसलेला किंवा ऐकू आलेला प्रत्येक पक्षी एकदाच नोंदवायचा. मात्र दाट झाडीत बहुतेक नोंदी कानांवर अवलंबून असतात, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली. पहिल्या दिवशीच्या माझ्या तक्त्यात साळुंक्या भरपूर होत्या, कोरिमाको (बेलबर्ड) हा स्थानिक पक्षी मात्र जेमतेम. एकोणिसाव्या शतकात माणसांनी न्यूझीलंडमध्ये आणलेली साळुंकी माझ्या कानांना लहानपणापासून ओळखीची होती. तिचा आवाज आला की लक्ष तिकडेच जाई आणि त्याच वेळी गाणारे स्थानिक पक्षी नोंदीतून सुटत. म्हणून माझा आग्रह असा, की गणनेला बसण्यापूर्वी किमान दोन आठवडे केवळ ऐकण्यात घालवावेत. तुई हा आणखी एक स्थानिक पक्षी आणि कोरिमाको यांची गाणी फार जवळची आहेत, पण तुईच्या सुरांमध्ये अधूनमधून खटखट, खरखर आणि खोकल्यासारखे आवाज येतात, तर कोरिमाकोचा स्वर घंटेसारखा स्वच्छ असतो. खात्री नसेल तेव्हा 'अनोळखी' लिहावे. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

हिहीसाठी ठेवलेल्या साखरपाण्याच्या जागांजवळ पक्षी गर्दी करतात, त्यामुळे गणनाबिंदूपासून त्या जागांचे अंतर नोंदवणे आवश्यक आहे. पिसे बदलण्याच्या काळात पक्षी गप्प राहतात, तेव्हा आकडा घटला म्हणजे पक्षी घटले असे नव्हे. तुलना त्याच ऋतूतल्या नोंदींशीच करावी.

साळुंकी, ब्लॅकबर्ड, चिमणी यांच्या रकान्यांकडेही तेवढेच लक्ष द्यावे. एकही पक्षी आढळला नाही तर तिथे शून्य लिहावे, कारण रकाना कोरा राहिला तर पक्षी नव्हता की आपण पाहिलेच नाही, हे नंतर तक्ता वाचणाऱ्याला कळत नाही.