मेलमधली विस्कटलेली मराठी: फॉरमॅट आणि एन्कोडिंग कसं बदलावं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, गणपती पेठेतले छापखाने, गावोगावच्या पतसंस्था, सगळ्यांचा मराठी पत्रव्यवहार गेली कित्येक वर्षं मेलवर चालतो. कॉम्प्युटर बदलला, आउटलुक सोडून जीमेल घेतलं किंवा २०१९ च्या महापुरानंतर कुठल्यातरी जुन्या डिस्कवरून मेल परत काढले, की निम्मी मराठी वाचता येत नाही. अशा वेळी बहुतेकजण ती मेल टाकून देतात. तसं करू नका. बऱ्याचदा मजकूर जागेवर शाबूत असतो, फक्त तो कसा वाचायचा, म्हणजे कोणत्या एन्कोडिंगने (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीने) वाचायचा, हे सांगणारी सूचना चुकलेली किंवा हरवलेली असते.

आधी मूळ मेल हातात घ्या

पडद्यावर दिसणारा मजकूर कॉपी करून दुरुस्तीला बसू नका. मेलची मूळ फाइल उतरवून घ्या. जीमेल कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'डाउनलोड मेसेज' निवडा. डॉट ईएमएल अशी फाइल मिळेल. ही साधी मजकूर-फाइल असते. वरती पाठवणारा, तारीख, विषय असा मथळा, खाली मजकूर आणि जोडलेल्या फाइल. थंडरबर्ड या मोफत मेल-प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह अ‍ॅज' केलं की हीच फाइल मिळते.

जुन्या आउटलुकमध्ये मेल सेव्ह करताना यादीत दोन सारखे पर्याय दिसतात. 'आउटलुक मेसेज फॉरमॅट' आणि तेच नाव पुढे 'युनिकोड' लावून. नेहमी युनिकोडवाला घ्या, युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारं प्रमाण. दुसऱ्यात देवनागरीला जागाच नसते आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं जाऊन बसतात. नुसत्या 'टेक्स्ट ओन्ली'तही हाच धोका आहे.

मिळालेल्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर करा. व्यवहाराचा वाद कोर्टात गेला तर मूळ फाइलच उपयोगी पडते, दुरुस्त केलेली नाही.

मग बिघाड ओळखा

इथे घाई करू नका. चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त भेटतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या तीन छोट्या एककांत, ठेवलं जातं. 'सांगली' या शब्दात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दुसरी वेलांटी अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. हे बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य अक्षर-कोष्टकाने (विंडोज-१२५२) वाचले गेले तर प्रत्येक चिन्हाची सुरुवात डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ए ने होते. त्याला चिकटून चार कोपऱ्यांना टोकं असलेलं गोल चलनचिन्ह येतं, नाहीतर येनचं चिन्ह. 'सांगली'त पहिल्या पाच चिन्हांना गोल चलनचिन्ह लागतं आणि शेवटच्या वेलांटीला येन. ही जोडी ओळीभर पुन्हा पुन्हा दिसली, की समजा मराठी आत जिवंत आहे.

दुसरा प्रकार म्हणजे मेलमध्ये नुसत्या रोमन अक्षरांची आणि आकड्यांची सलग पट्टी. मजकूर मराठी शब्दाने सुरू होत असेल तर ही पट्टी ४, के, एस किंवा ४, के, डब्ल्यू अशी सुरू होते. हे बेस-६४ आहे. बरोबरच्या चिन्हानंतर रोमन ई आणि शून्य, पुन्हा बरोबर, रोमन ए आणि ४ असं दिसलं तर ते कोटेड-प्रिंटेबल. दोन्ही पद्धती मेलच्या एमआयएमई या प्रमाणात १९९० च्या दशकात आल्या. मेलच्या यंत्रणेतून तेव्हा फक्त साधी रोमन अक्षरं सुरक्षित जायची, म्हणून बाकी सगळं या वेष्टनात घालून पाठवायची सोय झाली. 'सांगली' बेस-६४ मध्ये २४ अक्षरांची होते, कोटेड-प्रिंटेबलमध्ये ५४ ची.

तिसरा प्रकार श्रीलिपी, आकृती, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टचा, त्याचं पुढे वेगळं सांगितलं आहे. चौथा नुसत्या प्रश्नचिन्हांचा. त्यातली अक्षरं गेली. पाठवणाऱ्याकडे 'सेंट' फोल्डरमध्ये मूळ मेल असेल तर ती ईएमएल करून मागवा, दुसरा मार्ग नाही.

सूचना दुरुस्त करा

पहिल्या प्रकाराची ईएमएल थंडरबर्डमध्ये उघडा. 'व्ह्यू' मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, ते दाबा. बहुतेक मेल इथेच सुधारतात. ते बटण फिकट असेल किंवा दाबून काही बदललं नाही, तर प्रत नोटपॅड प्लस प्लस या मजकूर-संपादकात उघडा. 'कंटेंट-टाइप'च्या ओळीत 'कॅरसेट' (अक्षरं वाचायची पद्धत सांगणारी सूचना) शोधा. तिथे आयएसओ-८८५९-१ किंवा विंडोज-१२५२ असेल तर ते खोडून यूटीएफ-८ लिहा, सेव्ह करा आणि पुन्हा थंडरबर्डमध्ये उघडा. खालच्या मजकुराला हात लावू नका.

दुसऱ्या प्रकारात बहुधा मथळा तुटलेला असतो, म्हणून वेष्टन उघडत नाही. मूळ ईएमएल मिळाली तर ती थंडरबर्डमध्ये आपोआप नीट दिसते.

खरी अडचण येते ती कुणीतरी बिघडलेलाच मजकूर कॉपी करून पुढे पाठवलेला असतो तेव्हा. तो आता तसाच युनिकोडमध्ये साठला गेलेला असतो. तो नोटपॅड प्लस प्लसमध्ये चिकटवा, 'एन्कोडिंग' मेनूतून आधी 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' (विंडोजच्या त्याच जुन्या कोष्टकात) करा आणि नंतर त्याच मेनूतलं वरचं साधं 'यूटीएफ-८' निवडा. 'कन्व्हर्ट'वाला पर्याय बाइट बदलतो, साधा पर्याय आहेत तेच बाइट नव्या पद्धतीने वाचतो. क्रम उलटा झाला तर गुंता वाढतो.

एवढं करूनही काही अक्षरं परत येत नाहीत, आणि कोणती ते आधीच सांगता येतं. विंडोजच्या त्या कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत. ए, ऐ, झ, पहिला उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह नेमकी तिथे पडतात आणि कॉपी करताना गळू शकतात. 'महाराष्ट्र' या एका शब्दात पाय मोडण्याचं चिन्ह दोनदा येतं, त्यावरून नुकसानीचा अंदाज करा. ठ च्या शेवटच्या बाइटची न दिसणारी मोकळी जागा होते आणि भ च्या बाइटचं अदृश्य संयोगचिन्ह. त्यामुळे पत्त्यातल्या 'गणपती पेठ'चा ठ आणि 'भिलवडी'चा भ हटकून तपासा. मूळ फाइल मागण्याचा आग्रह याचसाठी आहे.

श्रीलिपीतली पत्रं

या मेलमध्ये एन्कोडिंग बदलून काहीही होत नाही. आत खरोखरच रोमन अक्षरं आहेत, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवत होता. त्यासाठी फॉन्ट-कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला फॉन्टचं नेमकं नाव सांगावं लागतं, कारण वेगवेगळ्या मालिकांची मांडणी वेगळी असू शकते. नाव माहीत नसेल तर जुन्या डीटीपीवाल्याला नमुना दाखवा, तो चटकन ओळखेल. इंग्रजी नावं आणि मेल-पत्ते आधी वेगळे काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचीही मराठी करून टाकतो. रूपांतरानंतर 'मिरज' आणि 'कर्ज' हे शब्द बघा. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे चूक इथे आधी दिसते. खातेदारांची माहिती असलेली पत्रं कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका.

सगळा साठा हलवायचा असेल तर

आउटलुक सगळे मेल ज्यात साठवतं ती पीएसटी फाइल दुसरीकडे नीट उघडत नाही. सोपा मार्ग असा: आउटलुकमध्येच जीमेलचं खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वापरायच्या पद्धतीने) जोडा आणि जुनी फोल्डरं त्यात ओढून टाका. जीमेलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि त्यात ड्राइव्ह, फोटोही मोजले जातात, तेव्हा आधी हिशेब करा. नंतर गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घ्यायच्या सेवेतून मेल मागवले की एमबॉक्स फाइल मिळते. तीत सगळे मेल एकाखाली एक असतात. थंडरबर्डला 'इम्पोर्ट-एक्सपोर्ट-टूल्स एनजी' हे अ‍ॅड-ऑन जोडलं की एमबॉक्स आत घेता येते आणि हवं तर प्रत्येक मेलची वेगळी ईएमएलही काढता येते.

आउटलुक ९७ ते २००२ मधल्या पीएसटी युनिकोडच्या नव्हत्या आणि त्यांची मर्यादा २ जीबी होती. अशा फाइलमध्ये नवी मराठी मेल कधीही टाकू नका.

हलवून झाल्यावर दोन्हीकडची मेलची संख्या जुळवा. मग प्रत्येक वर्षातली एखादी मराठी विषय असलेली मेल आणि एखादी मराठी नावाची फाइल जोडलेली मेल उघडा. विषय आणि फाइलचं नाव मजकुरापासून वेगळं एन्कोड होतं, त्यामुळे मजकूर ठीक असूनही तिथे गडबड राहू शकते. हे जुळेपर्यंत जुनी पीएसटी पुसू नका.