कुणबी कापडावर मिरर वर्कचा ब्लाऊज: आरसा निसटणार नाही असा टाका

गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिथल्या कुणबी समाजाची चौकड्यांची कुणबी साडी पुन्हा फॅशनमध्ये आणली, पण मला त्या लाल चौकड्याचा ब्लाऊजच जास्त आवडतो आणि त्यावर कच्छी पद्धतीचे आरसे म्हणजे तर बघतच राहावं. साधा बोट नेक, कोपरापर्यंत बाही, आरसे फक्त गळ्याभोवती नि बाहीच्या काठाला, की तो साडीवर चालतो आणि जीन्सवरही. अख्खा भरू नका, जड होतो, आपल्या घामाच्या हवेत अंगावर ठेववत नाही.

कापड आधी धुवा. ब्लाऊज आखा पण कापू नका, भरतकाम आधी. शिलाईच्या रेषेपासून 2 सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर मशीनखाली आरसा फुटतो. वेगळं डिझाइन काढायची गरजच नाही, चौकड्याच्या रेघा छेदतात तिथे आरसा. काचेचेच घ्या, 10 ते 12 मिलिमीटरचे.

आता आरसा बसवणं, इथे मी खूप धडपडले. व्हिडिओत सर्रास सांगतात आधी गोंदाने चिकटवा, अजिबात नको! माझ्या पहिल्या ब्लाऊजला मी तसंच केलं आणि वरवर टाके घातले, दुसऱ्याच धुण्यात आरसे बादलीच्या तळाला. या आरशाला भोक नसतं, त्याला फक्त दोऱ्याची चौकट धरून ठेवते, म्हणून सगळं लक्ष त्या चौकटीवर हवं.

रिंगमध्ये कापड घुमट या वाद्याच्या चामड्यासारखं ताणा. आरसा अंगठ्याने दाबून धरा, त्यावरून दोन आडवे दोरे, मग दोन उभे, सुई दर वेळी आरशाच्या अगदी कडेला लागून सरळ खाली. उभा दोरा आडव्याला भेटतो तिथे त्याच्याखालून एक वेढा घ्याच. आणि हे दोरे मध्याकडे ठेवा, वाटतं त्याहून जास्त आत, मधे मुगाचा दाणा मावेल एवढाच चौकोन दिसला पाहिजे, कारण पुढचा टाका त्यांना बाहेर ओढतो, सुरुवातच कडेला केली तर ते घसरतात आणि आरसा मोकळा. नखाने दोरा उचलून बघा, सैल लागला तर तिथेच उसवा, नंतर आवळता येत नाही.

मग गोल फिरायचं. सुई कडेजवळून वर काढा, चौकोनातून त्या दोऱ्यांखाली घालून बाहेर आणा, काजटाका, मग कापडात एक छोटा साखळी टाका, आलटून पालटून. गोव्यात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात मिरर वर्कच्या पिशव्या लटकलेल्या असतात, एखादी जवळून बघा, दोऱ्याची वाट लगेच कळते.

झालं की कापड उलटं धरून झटका, आरसा हलला तर परत करा.

नंतर कापा, शिवा, अस्तर लावाच, मागच्या गाठी टोचतात. धुणं हाताने, इस्त्री उलट बाजूने जाड टॉवेलवर. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमटपणाने आरसे कडेने काळे पडतात, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळा आणि ऊन पडलं की बाहेर काढा.